कर्ज काढणारा एक, फेडणारी दुसरी

पत्र थोडक्यात: लातूरहून लिहिणारी ही वाचक २९ वर्षांची आहे. पुण्यात चार वर्षं नोकरी केल्यावर वडिलांच्या आजारपणामुळे ती गावी परतली आणि अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या सात माणसांच्या कंपनीत लागली. सौदा, काटा, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा कपातीसह हिशोब), खरेदीदाराचं बिल, सगळं या सॉफ्टवेअरमधून निघतं. ते २००४ साली व्हिज्युअल बेसिक ६ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि माहिती ॲक्सेस या त्यांच्याच डेटाबेसच्या फाइलमध्ये साठते. ते लिहिणारे काका अजून कंपनीत आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. गेल्या सोयाबीनच्या हंगामात हमालीचा दर बदलताना तिच्या हातून एका दुकानाच्या ६३ पट्ट्यांमध्ये तोलाई दोनदा कापली गेली. दुसऱ्या दिवशी तिनेच चूक पकडली, पैसे परत गेले, पण तेव्हापासून तिला झोप नाही. तिला सगळं नव्याने लिहायचं आहे आणि त्यासाठी तिने सहा महिने मागितले आहेत. मालक म्हणतात, "चालायलंय की नीट, कशाला हात लावायलीस?" शिवाय येत्या हंगामाआधी त्यांना शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप हवं आहे. ती विचारते: हे सॉफ्टवेअर अजून किती वर्षं टिकेल? मी हट्ट धरू, गप्प बसू, की पुण्याला परत जाऊ?

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या ६३ पट्ट्यांबद्दल. तू लिहितेस, "माझ्यामुळे शेतकऱ्यांच्या खिशातून पैसे गेले, त्यात आमच्या गावचेही दोघं होते." हे वाक्य लिहिताना तुझं काय झालं असेल ते मला कळतं. पण त्याच पत्रात पुढे तू हेही लिहिलंस की हमालीचा दर तीन ठिकाणी होता. दोन ठिकाणं तुला सापडली. तिसरं छपाईच्या फॉर्ममध्ये होतं आणि तिथे तो दर तोलाईच्या ओळीत गुंतलेला होता. हात तुझा होता, हे खरं. पण तो खड्डा पडला तेव्हा तू दुसरी-तिसरीत असशील. शिवाय चूक तूच शोधलीस, तूच सांगितलीस आणि पैसे परत जाईपर्यंत मागे लागलीस. झोप त्या आठवणीने उडाली असेल तर ती आठवण आता खाली ठेव. "पुन्हा असंच होईल" या भीतीने उडाली असेल तर ती भीती खरी आहे, आणि माझं बाकीचं उत्तर त्या भीतीबद्दल आहे.

तुझ्या पत्रात 'टेक्निकल डेट', म्हणजे तांत्रिक कर्ज, हा शब्द बऱ्याचदा आला आहे, आणि दर वेळी शिवीसारखा आला आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने तो वापरला तेव्हा त्यांच्या मनात शिवी नव्हती. १९९२ च्या सुमारास ते 'वायकॅश' नावाचं, गुंतवणुकीचे हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करत होते. चालत्या कोडमध्ये पुन्हा हात घालण्यावर वेळ का खर्चायचा, हे पैशाची भाषा जाणणाऱ्या वरिष्ठांना पटवायचं होतं, म्हणून त्यांनी कर्जाची उपमा घेतली. पहिल्यांदा लिहून ग्राहकाच्या हातात दिलेला कोड म्हणजे थोडं कर्ज काढणं. त्याने कामाला वेग येतो. मात्र तो कोड लवकर पुन्हा नीट लिहून कर्ज फेडलं पाहिजे, नाहीतर अर्धवट बरोबर असलेल्या कोडवर घालवलेला प्रत्येक मिनिट व्याजात जमा होतो. पुढे त्यांनी स्वतःच खुलासा केला की वाईट कोड लिहायला त्यांनी कधीच परवानगी दिली नव्हती. आज जेवढं समजलंय तेवढं नीट लिहायचं, आणि समज वाढली की कोडला त्या समजेपर्यंत आणायचं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

आपल्याकडे कर्ज हा शब्द हलक्या हाताने वापरवत नाही. त्याने आपल्या गावांतली घरं मोडली आहेत, आणि कॉम्प्युटरवरच्या अडचणीला तो लावताना मी दर वेळी थबकते. तरीही तो घेते, कारण कर्ज आतून कसं चालतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पीककर्ज बघ. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. तेच थकलं की सवलत जाते, व्याज चढतं, पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. रक्कम तीच, बियाणं तेच, फरक परत कधी केलं याचा. आणि ज्याला भरायला जमत नाही तो बँकेत जाऊन नवं-जुनं करून घेतो. जुनं खातं बंद दिसतं, नवं उघडतं, कागद स्वच्छ होतो आणि डोक्यावरचा बोजा व्याजासह तसाच राहतो. गेल्या हंगामात तू जेव्हा जुन्या ओळीला हात न लावता तिच्यावर आणखी एक अट चढवलीस, तेव्हा तू नवं-जुनंच करत होतीस. गर्दीच्या दिवसांत दुसरं करताही आलं नसतं.

एका जागी मात्र ही उपमा लंगडी पडते, आणि तुझ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. शेतकरी कर्ज स्वतः काढतो, स्वतः फेडतो. थकतं ते पावसामुळे आणि भावामुळे. सॉफ्टवेअरमध्ये कर्ज काढणारा एक, त्यावर पीक घेणारा दुसरा आणि फेडणारी तिसरी असते. काकांनी काढलं, वीस वर्षं दुकानं चालली, कंपनी चालली, आणि हप्ते तुझ्या रात्रींमधून कापले जातायत. मालकांना व्याज दिसत नाही, कारण ते त्यांच्या खात्यातून जात नाही. "चालायलंय की" हे त्यांच्या जागेवरून बघितलं तर खोटं नाही. ते व्याज त्यांच्या डोळ्यांसमोर आणणं हे तुझं पहिलं काम. त्याकडे मी शेवटी येईन.

आता काकांच्या कोडला तू 'फाटकी गोधडी' म्हटलंस त्याबद्दल. गोधडीत प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या जुन्या कपड्याचा असतो, आणि कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा हे शिवणारीला माहीत असतं. २००४ मध्ये काकांपुढे काय होतं ते बघ. व्हिज्युअल बेसिक ६ आपल्या तालुक्यांतल्या क्लासपर्यंत पोचलेलं होतं, त्यामुळे माणसं मिळत होती. पण त्याच्या फॉर्मवरचे रकाने युनिकोडमधली, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांमधली, देवनागरी दाखवू शकत नव्हते, प्रश्नचिन्हं उमटायची. पट्टी तर मराठीत हवी. मग त्या काळी सगळ्यांनी केलं तेच काकांनी केलं. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट घेतला. पडद्यावर 'शिंदे' दिसतं, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला साठतो. ते कर्ज होतं, पण त्या दिवशी तेच शहाणपण होतं. त्यावर हजारो शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत पट्टी मिळाली.

तू जिल्ह्यांच्या नावांवरही चिडली आहेस. नावं थेट कोडमध्ये लिहिलेली, म्हणून २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यावर तुला अकरा ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. बरोबर आहे, ती यादी कोडबाहेर, माहितीच्या टेबलात (तक्त्यात) हवी होती. लातूर जिल्हाच १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला आणि हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून, म्हणजे जिल्हे बदलतात हे काकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी लिहिताना कुणालाच तसं वाटत नाही. सॉफ्टवेअरचे अभ्यासक मेयर लेहमन यांनी १९७० च्या दशकात मोठ्या प्रणालींचा अभ्यास करून हेच मांडलं: जगाच्या व्यवहारात गुंतलेलं सॉफ्टवेअर सतत बदलत राहिलं नाही तर दिवसेंदिवस कमी उपयोगाचं होतं, आणि बदलत राहिलं तर मुद्दाम आवरल्याशिवाय त्यातली गुंतागुंत वाढतच जाते. कोड कपाटात ठेवला तर कुजत नाही. बाहेरचं जग हलतं आणि तो जागेवर राहतो.

म्हणूनच "किती वर्षं टिकेल" याला औषधाच्या पाकिटावरच्या तारखेसारखं एक उत्तर नाही. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये चार घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालतायत.

पहिलं साधनाचं. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये, ते लिहिण्याच्या साधनाला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला एप्रिल २००८ मध्ये. तरी त्यात बनलेले प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर चालतात, कारण ते चालवणाऱ्या मूळ फाइली विंडोजसोबतच येतात. हे घड्याळ जुनाट दिसतं म्हणून सगळे त्यालाच घाबरतात, आणि घाबरण्यासारखं त्यात सगळ्यांत कमी आहे. त्यापेक्षा दुकानांतले कॉम्प्युटर बघ. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि त्याच कॉम्प्युटरवर अडत्याचं बँकेचं खातंही उघडतं.

दुसरं घड्याळ माहितीच्या फाइलचं. ॲक्सेसची एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. ती भिंत आली की नवी नोंद जात नाही, आणि नोंदी सगळ्यांत जास्त असतात ते ऐन आवकीच्या दिवशी. प्रत्येक दुकानाच्या फाइलचा आकार लिहून घे, हंगामात ती किती वाढते ते लिही. सगळ्यांत मोठ्या दुकानाला किती हंगाम उरलेत ते साध्या भागाकाराने निघेल. तुझ्या प्रश्नातली खरीखुरी तारीख मिळेल अशी ही एकच जागा आहे.

तिसरं घड्याळ त्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचं. तू ओझरतं लिहिलंस की "बिल्ड फक्त काकांच्या मशीनवरच होतो". मला तुझ्या सगळ्या पत्रात या वाक्याची सर्वांत जास्त काळजी वाटली. (बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं.) त्या मशीनवर जुन्या घटकांच्या फाइली, त्यांचे परवाने, फॉन्ट, सगळं कधीतरी बसवलेलं आहे आणि कशाचीच नोंद नाही. त्याची हार्ड डिस्क गेली तर तुमच्याकडे चालणारं सॉफ्टवेअर राहील, पण त्यातला एक आकडाही बदलता येणार नाही.

चौथं घड्याळ काका. हेच सगळ्यांत आधी थांबणार आहे. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: हे सॉफ्टवेअर कदाचित आणखी दहा वर्षं चालेल, पण ते समजून बदलता येण्याचं आयुष्य, आज आहे त्या स्थितीत, काकांच्या कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे. त्यानंतर उरेल तो भरवसा नसलेला कोड, ज्याला मालक म्हणतात तसा खरंच कुणी हात लावू शकणार नाही.

विसरलेल्या कोडचं काय होतं याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवा कोड लावला. आठ सर्व्हरपैकी सातवर गेला, एकावर राहून गेला. नव्या कोडने एक जुनी खूण पुन्हा वापरायला घेतली होती. त्या आठव्या सर्व्हरवर तीच खूण २००३ पासून वापरात नसलेलं एक काम जागं करत होती. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले आणि पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या कंपनीत विलीन व्हावं लागलं. नऊ वर्षं त्या ओळींनी कुणाला काही त्रास दिला नव्हता. तुझ्या छपाईच्या फॉर्ममधला तो तिसरा दरही तसाच शांत बसलेला होता.

हे वाचून तू म्हणशील, मग सगळं पुसून नव्याने लिहावं हेच बरोबर ना? इथे मला तुला अडवायचं आहे, कारण मी हे करून पाहिलं आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी एका साखर कारखान्याचं ऊसबिलाचं जुनं काम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतून काढून नव्याने लिहायला घेतलं. एका गळीत हंगामात संपवू म्हणालो, दोन लागले. जुन्या कोडमध्ये एक ओळ होती: गाव क्रमांक ४७ असेल तर अंतर ११ किलोमीटर धर. नकाशावर ते गाव सहा किलोमीटरवर. मला ती टायपिंगची चूक वाटली. मी सहा केलं आणि मनात म्हटलं, किती वर्षं हे चुकीचे पैसे देतायत. पहिल्या पंधरवड्याची बिलं निघाली आणि त्या गावचे गाडीवान दारात येऊन उभे राहिले. पावसाळा संपला की बंधाऱ्याचे बर्गे टाकतात, पाणी मागे तुंबतं आणि नदीतून जाणारा रस्ता बुडतो. बैलगाड्यांना पलीकडून वळसा घालून यावं लागतं. ते अकरा किलोमीटर कुठल्या ठरावात नव्हते, कुठल्या फाइलीत नव्हते. ते फक्त त्या ओळीत आणि गाडीवानांच्या बैलांच्या पायांत होते. मी ज्याला घाण समजून झाडून टाकलं तो त्या कारखान्याचा एक करार होता. त्यातले एक म्हातारे गाडीवान माझ्याशी एक शब्दही रागाने बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "बाई, एकदा यायचं होतं बघायला." ते मला अजून ऐकू येतं.

तुझ्याकडेही असे गाव क्रमांक ४७ असतील. एक मी इथूनच सांगते. व्हिज्युअल बेसिकचं 'राउंड', म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारी सोय, अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातं: २.५० चे २ होतात, ३.५० चे ४. त्याच भाषेतलं छपाईसाठीचं 'फॉर्मॅट' मात्र २.५० चे ३ करतं. तू ज्या जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहू म्हणतेस तिथलं नेहमीचं राउंडही ३ देतं. म्हणजे एकही चूक न करता, सगळं सुंदर लिहून, तुझ्या नव्या पट्ट्या जुन्या पट्ट्यांशी रुपयाने जुळणार नाहीत. अडत्याला ते पहिल्या दिवशी दिसेल, कारण तो वहीत उभी बेरीज मारतो. शेतकऱ्याला वाटेल, नवं मशीन आलं आणि पैसे कापायला लागलं.

आणि सहा महिने तू नवं लिहीत असताना जुन्यात दर बदलायचे, दुकानांचे फोन घ्यायचे, हे कोण करणार? तूच. काका त्या काळात निवृत्त होतील. नवं अर्धवट, जुनं अनाथ, अशी अवस्था येईल. पूर्ण नव्याने लिहिणं मी कर्जमाफीसारखं बघते. कधी कधी तिच्याशिवाय गत्यंतर नसतं, पण ज्या कारणाने कर्ज झालं ते कारण तिने जात नाही.

सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये दुसरा रस्ता सुचवला. ऑस्ट्रेलियातली, दुसऱ्या झाडाला वेढत वाढणारी वडाच्या जातीची झाडं पाहून त्यांना तो सुचला. आपल्याकडेही शिंदीच्या झाडावर पक्ष्याने टाकलेल्या बीतून वड उगवतो, मुळं खाली सोडतो, जमिनीला पोचतो आणि मग हळूहळू स्वतःच्या बळावर उभा राहतो. तोवर शिंदी त्याला धरून असते. जुनं चालू ठेवायचं, एक एक काम नव्यात आणायचं, ते जमिनीला टेकलं की जुन्यातला तेवढाच भाग बंद करायचा.

तुझ्यासाठी पहिलं मूळ म्हणजे दर. हमाली, तोलाई, बाजार फी, सगळे दर कोडमधून काढून एका टेबलात आण, आणि प्रत्येक दरापुढे तो 'कोणत्या तारखेपासून' हे लिही. हा तारखेचा रकाना विसरू नकोस. इतर वाचकांसाठीही सांगते: २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा गेला, ठिबकचं साहित्य ५ टक्क्यांवर आलं. ज्यांनी कोडमध्ये '१२' शोधून '५' करून टाकले असतील, त्यांच्याकडे ऑगस्टमधलं बिल पुन्हा छापलं तर तेही ५ टक्क्यांनी छापलं जाईल.

पण दराला हात लावण्याआधीही एक काम आहे, आणि तेच तुझी झोप परत आणेल. गेल्या हंगामातल्या दोनेकशे पट्ट्या निवड. साध्या घे, अवघड घे, उचल दिलेल्या घे, ओल्या मालाच्या कपातीच्या घे, आणि त्या ६३ पैकी दहा-बारा दुरुस्त झालेल्याही घे. प्रत्येकीची आत गेलेली माहिती आणि बाहेर आलेली रक्कम जपून ठेव. आता कोडमध्ये काहीही बदललं की या सगळ्या पट्ट्या पुन्हा काढायच्या आणि पैशापैशाला जुळवायच्या. जुळणी करणारा छोटा प्रोग्रॅम तू दोन-तीन दिवसांत लिहिशील. जुनी पट्टी चूक की बरोबर हे यात ठरवायचं नाही. आज काय निघतं ते पकडून ठेवायचं, म्हणजे उद्या काय बदललं ते दिसेल. ही सोय असती तर ती दुहेरी तोलाई तुला दुकानात पट्टी निघण्याआधी दिसली असती.

काकांकडे कसं जायचं, हे तू विचारलं नाहीस, पण सगळं त्यावर अडणार आहे. त्यांना "असं का लिहिलंत?" विचारू नकोस. वीस वर्षांनी त्या प्रश्नाचं उत्तर कुणीही बचावाने देतं. "तेव्हा काय झालं होतं?" असं विचार. कोणत्या दुकानाने काय मागितलं, कोणत्या दिवाळीत काय बंद पडलं, तो दर तीन ठिकाणी का ठेवावा लागला. आठवड्यातून एक तास, चहा घेऊन, त्यांच्याच मशीनसमोर. त्यांची परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड कर आणि त्याच दिवशी लिहून काढ. ज्या ओळींना ते म्हणतील, "ते तसंच ऱ्हाऊ दे," तिथे सगळ्यांत जास्त वेळ थांब. आणि त्यांना एकदा तोंडाने सांग की या कोडवर इतकी दुकानं इतकी वर्षं चालली. ते खरं आहे, आणि बहुधा त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सगळंच कर्ज फेडायचं नसतं, हेही ध्यानात घे. वर्षातून एकदा निघणारा, दहा वर्षांत न बदललेला एखादा रिपोर्ट कितीही कुरूप लिहिलेला असू दे, त्यावर व्याज चढत नाही. त्याला सोड. जिथे दर महिन्याला हात घालावा लागतो तिथे आधी जा. तुझ्यासारखंच कुणी परभणीच्या एखाद्या पतसंस्थेत, नाहीतर बीडच्या एखाद्या शाळेत एकाच माणसाला कळणारी एक्सेलची फाइल सांभाळत असेल, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

मालकांशी बोलताना 'टेक्निकल डेट' हा शब्द काढूच नकोस. चार आठवडे एक वही ठेव: कोणतं काम, साधारण किती तासांत व्हायला हवं होतं, किती तास लागले, जास्तीचे कशात गेले. ती वही त्यांच्यापुढे ठेव. त्यांना हिशोब कळतो, तोच त्यांचा धंदा आहे. आणि ॲपला विरोध करू नकोस, कारण तेच तुझ्या बाजूचं आहे. ॲपमध्ये शेतकऱ्याचं नाव दाखवायचं तर जुन्या फॉन्टमधला काला युनिकोडमध्ये आणावाच लागेल. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर, आणि जोडाक्षरं, रफार यांनी आणखी घोळ होतो. प्रोग्रॅम बरीचशी नावं बदलून देईल, उरलेली माणसाने वाचून तपासावी लागतील. कुणाचंही नाव चुकता कामा नये. मालकांना सांग की ॲप करते, पण त्याआधी नावं आणि दर नीट करायला मला आठवड्यातला एक पूर्ण दिवस हवा, आणि सोयाबीनची आवक सुरू झाल्यावर ती ओसरेपर्यंत मूळ हिशोबाच्या कोडला कुणीही हात लावायचा नाही. सहा महिन्यांना ते नाही म्हणाले, एका दिवसाला नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

आणि तरी म्हणाले तर? मशीनची प्रत ठेवायलाही नको म्हणाले, काकांसोबत बसायला वेळ दिला नाही, पट्ट्या जुळवल्याशिवाय बदल लावायला भाग पाडलं, तर नोकरी सोडण्यात काहीही गैर नाही. चुकलेल्या पट्टीचं ओझं एकट्याने वाहायला तुला कुणी बांधलेलं नाही. फक्त पुण्यात असं काही नसेल या समजुतीने जाऊ नकोस. तिथला कोड मोठा असतो आणि तो लिहिणारे काका कधीच निघून गेलेले असतात. तुझ्या वडिलांची तब्येत, घरची गरज, पगार, या गोष्टींवर निर्णय घे. त्या कोडवर चिडून घेऊ नकोस. जायचं ठरलंच तर ती वही आणि काकांचं लिहून काढलेलं बोलणं मागे ठेवून जा.

या आठवड्यात मात्र तीन गोष्टी कर, त्यांना कुणाची मंजुरी लागू नये. काकांना सांगून त्यांच्या मशीनची अख्खी प्रत घे आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरू होते का, तिथे बिल्ड होतो का, ते स्वतः करून बघ. त्या जुन्या फॉन्टची फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. ती हरवली तर वीस वर्षांच्या शेतकऱ्यांची नावं वाचता येणार नाहीत. आणि सगळ्यांत मोठ्या दुकानाच्या ॲक्सेस फाइलचा आकार मला कळव. तो दीड जीबीच्या वर असेल तर पुढच्या पत्राची वाट बघू नकोस, लगेच लिही.

तुझी,
ताई